खूण आधी, अंमल नंतर: सिनॅप्टिक वापरून पॅकेजेस कशी सांभाळावीत

ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर कंपन्यांमधून निघालेले जुने डेस्कटॉप आणि लॅपटॉप स्वस्तात मिळतात, आणि मुंबईतल्या कित्येक अभ्यासिकांचा, सोसायटी कार्यालयांचा आणि लहान संस्थांचा कारभार अशाच यंत्रांवर चालतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला आणि यांपैकी बरीच यंत्रे टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसल्यामुळे विंडोज ११ साठी अपात्र ठरली. त्यामुळे त्यांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू या विंडोजऐवजी चालणाऱ्या यंत्रणा (ऑपरेटिंग सिस्टिम) बसवण्याकडे कल वाढणे स्वाभाविक होते. यंत्रणा बसवून देणारा माणूस तासाभरात निघून जातो. नंतर नवे सॉफ्टवेअर टाकणे, जुने काढणे आणि अपडेट करणे ही कामे तिथे रोज बसणाऱ्याच्या गळ्यात पडतात. हा लेख त्या माणसासाठी आहे. टर्मिनलमधल्या आज्ञा पाठ नसल्या तरी ही सगळी कामे सिनॅप्टिक पॅकेज मॅनेजर या खिडकीतून, आणि माझ्या मते अधिक सावधपणे, करता येतात.

आधी पॅकेज म्हणजे काय ते पाहू. डेबियन, उबुंटू आणि मिंट या एकाच घराण्यातल्या यंत्रणांमध्ये सॉफ्टवेअर डेब नावाच्या फाइलमधून येते. या फाइलमध्ये प्रत्यक्ष प्रोग्रॅम असतो, त्याचे नाव, आवृत्ती आणि तो चालण्यासाठी आणखी कोणकोणती पॅकेजेस लागतात याची नोंद असते, आणि बसवण्याच्या आधी व नंतर आपोआप चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट असतात. ही फाइल उघडून यंत्रात बसवण्याचे काम डीपीकेजी करते. मात्र एका पॅकेजला दुसरे लागते आणि दुसऱ्याला तिसरे, हा अवलंबनाचा गुंता सोडवून सगळी पॅकेजेस सर्व्हरवरून आणण्याचे काम ॲप्टचे असते. सिनॅप्टिक हे ॲप्टचेच दर्शनी रूप आहे. २००१ च्या सुमारास ब्राझीलमधल्या कोनेक्टिव्हा या लिनक्स कंपनीत अल्फ्रेदो कोजिमा यांनी ते लिहायला घेतले. उबुंटूने २०११ मध्ये, ११.१० या आवृत्तीपासून, ते मूळ संचातून वगळले, तरी ते रिपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजेस ठेवलेल्या सर्व्हरवरच्या भांडारात, आजही आहे आणि एका आज्ञेने बसवता येते. लिनक्स मिंटमध्ये ते आधीपासूनच असते: मेनू उघडून ॲडमिनिस्ट्रेशन या गटात पाहावे. फेडोरासारख्या आरपीएम (डेबऐवजी वापरले जाणारे पॅकेजचे दुसरे स्वरूप) घराण्यातल्या यंत्रणांवर काम करणाऱ्यांना मात्र या लेखाचा उपयोग नाही.

सिनॅप्टिकचे रूप जुनाट आहे. चित्रे नाहीत, तारे नाहीत, ग्राहकांचे अभिप्राय नाहीत. सॉफ्टवेअर मॅनेजरसारख्या दुकानात एका बटणाने सगळे होते आणि नेमके काय झाले ते कळत नाही. सिनॅप्टिकमध्ये ठरवणे आणि करणे ही दोन कामे वेगळी ठेवलेली आहेत. पॅकेजवर खूण करणे म्हणजे चेक लिहिणे आणि ‘अप्लाय’ दाबणे म्हणजे त्यावर सही करणे. सही होईपर्यंत खात्यातून एक पैसाही जात नाही. या दोहोंमधल्या अवकाशात यंत्र आपल्याला काय सांगते ते वाचण्याची सवय लागली, की सिनॅप्टिक वापरण्यातले निम्मे शिक्षण झाले असे समजावे.

खिडकी आणि तिच्या खुणा

सुरू करताना पासवर्ड विचारला जातो आणि तो प्रशासकाचे अधिकार असलेल्या खात्याचा असावा लागतो. अभ्यासिकेतल्या मुलांसाठी किंवा कार्यालयातल्या पाळीच्या माणसांसाठी साधे वेगळे खाते करून ठेवावे आणि प्रशासकाचे खाते एकाच्याच हाती असू द्यावे. खिडकीत डावीकडे वर्गवारी, उजवीकडे पॅकेजेसची यादी आणि तिच्याखाली निवडलेल्या पॅकेजचे वर्णन असते. डाव्या बाजूच्या तळाशी जी बटणे आहेत त्यांकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, वास्तविक तीच फार कामाची. ‘सेक्शन्स’ दाबल्यास पॅकेजेस विषयवार दिसतात, ‘स्टेटस’ दाबल्यास स्थितीनुसार, आणि ‘ओरिजिन’ दाबल्यास ती कोणत्या सर्व्हरवरून आली त्यानुसार.

प्रत्येक नावापुढे एक चौकोन असतो. तो पांढरा असेल तर पॅकेज बसवलेले नाही, हिरवा असेल तर बसवलेले आहे, आणि हिरव्यावर चांदणी असेल तर त्याची नवी आवृत्ती उपलब्ध आहे. उरलेल्या खुणा पाठ करण्याची गरज नाही. हेल्प मेनूतल्या ‘आयकॉन लीजेंड’मध्ये त्या सगळ्या एकत्र दाखवलेल्या असतात.

रीलोड कशासाठी

कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी ‘रीलोड’ दाबावे. या बटणाने काहीही बसवले जात नाही. कोणती पॅकेजेस कोणत्या आवृत्तीत उपलब्ध आहेत याची ताजी यादी फक्त सर्व्हरवरून आपल्या यंत्रावर येते. हे न करता थेट एखादे पॅकेज मागितले आणि ‘४०४’ अशी चूक आली, तर इंटरनेटला दोष देऊ नये. आपल्या जुन्या यादीत जी आवृत्ती लिहिली आहे ती सर्व्हरवरून हटवून तिच्या जागी नवी ठेवलेली असते, एवढाच त्याचा अर्थ.

रीलोड करताना आणखी एक गोष्ट पडद्यामागे घडते. प्रत्येक रिपॉझिटरीची मुख्य नोंद डिजिटल सहीने मोहोरबंद असते, त्या नोंदीत याद्यांचे हॅश (फाइलवरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) असतात आणि याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा हॅश असतो. म्हणून पॅकेज कोणत्याही मिरर, म्हणजे मूळ भांडाराची प्रत ठेवणाऱ्या, सर्व्हरवरून आले तरी वाटेत त्यात फेरफार झाला असल्यास ॲप्ट ते नाकारते. सहीबाबत तक्रार करणारा संदेश आला, तर ती कटकट समजून तपासणी बंद करण्याचे उपाय शोधू नयेत.

जुन्या यंत्रांवर मात्र या तपासणीत एक विचित्र अडचण येते आणि तिचे कारण सॉफ्टवेअरमध्ये नसते. रीलोड केल्यावर ‘ही नोंद अद्याप वैध झालेली नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला, तर कोपऱ्यातले घड्याळ पाहावे. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला असतो, यंत्राची वायर काढली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि त्या तारखेच्या हिशोबाने आजची नोंद भविष्यातली ठरते. तारीख दुरुस्त केली की रीलोड बिनतक्रार होते. सेल कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो आणि तो बदलला नाही तर हीच अडचण दर सोमवारी पुन्हा उभी राहते.

शोध आणि पहिली खूण

शोधासाठी कंट्रोल आणि एफ एकत्र दाबावे. शोध फक्त नावात घ्यायचा की नाव आणि वर्णन या दोन्हींत, हे त्याच चौकटीत ठरवता येते. पॅकेजेसची नावे रोमन लिपीत असतात, म्हणून शोधशब्दही रोमन लिपीतच टाइप करावा. उदाहरणादाखल ‘मराठी’ हा शब्द रोमन लिपीत टाइप करून नाव आणि वर्णन या दोन्हींत शोधून पाहावा. लोहित घराण्यातला मराठीसाठीचा फाँट, लिबरऑफिसचे मेनू मराठीत दाखवणारे पॅकेज, एस्पेलचा मराठी शब्दकोश, छापील मराठी मजकूर ओळखणाऱ्या टेसरॅक्टचे मराठी पॅकेज अशी नावे एकापाठोपाठ समोर येतात. येथे घाई करू नये. एस्पेलचा शब्दकोश मराठीचा आहे म्हणून तो बसवला, तरी लिबरऑफिसमधल्या शुद्धलेखनतपासणीत काहीच फरक पडणार नाही, कारण लिबरऑफिस एस्पेल वापरत नाही, हनस्पेल हे दुसरे तपासणीचे साधन वापरते. नाव ओळखीचे वाटणे आणि पॅकेज उपयोगाचे असणे यांतला फरक खालच्या वर्णनात कळतो, आणि ते वर्णन सहसा चार-सहा ओळींचेच असते.

आता एक काम शेवटपर्यंत नेऊ. समजा, सोसायटीच्या किंवा ग्रंथालयाच्या जुन्या छापील मराठी अहवालांचे स्कॅन आहेत आणि त्यांतला मजकूर टाइप न करता मिळवायचा आहे. यादीत टेसरॅक्ट-ओसीआर या नावावर उजवे क्लिक करून ‘मार्क फॉर इन्स्टॉलेशन’ निवडावे. लगेच एक छोटी खिडकी उघडते आणि या पॅकेजसोबत आणखी काही बदल आवश्यक असल्याचे सांगते. त्या यादीत इंग्रजीचे भाषापॅकेज आणि पानाची दिशा व लिपी ओळखणारे ओएसडी हे पॅकेज दिसेल, कारण टेसरॅक्टने ती दोन्ही आपल्याला लागतात असे जाहीर केलेले आहे. मराठी त्या यादीत नसेल. अवलंबन म्हणजे प्रोग्रॅम चालू होण्यासाठी लागणारी गोष्ट. आपल्या कामासाठी काय लागते हे यंत्राला माहीत नसते. म्हणून टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर या पॅकेजवर वेगळी खूण करावी. टेसरॅक्ट स्वतः खिडकी उघडत नाही, ते टर्मिनलमधून चालते, तेव्हा माऊसने काम करता यावे यासाठी जीइमेजरीडर या तिसऱ्या पॅकेजवरही खूण करावी.

एवढे झाल्यावरही यंत्रात तसूभर बदल झालेला नाही. तिन्ही खुणा एकत्र तपासून मगच ‘अप्लाय’ दाबावे.

अप्लायची यादी वाचणे

‘अप्लाय’ दाबल्यावर सारांशाची जी खिडकी येते, ती या संपूर्ण साधनातली सर्वांत महत्त्वाची जागा आहे आणि सर्वांत जास्त लोक तीच न वाचता पुढे जातात. त्यात काय नव्याने बसणार, काय अपग्रेड होणार, काय काढले जाणार, किती डाउनलोड करावे लागणार आणि डिस्कवर किती जागा व्यापली जाणार किंवा सुटणार हे लिहिलेले असते. बसवण्याची यादी लांब असली तर घाबरण्याचे कारण नाही. काढण्याची यादी मात्र एका ओळीची असली तरी थांबून वाचावी. एखादे सॉफ्टवेअर बसवायला निघालो असता काढण्याच्या यादीत नावे आली, तर कुठेतरी आवृत्त्यांचा मेळ बसत नाही, आणि बहुतेक वेळा त्याचे मूळ बाहेरून जोडलेल्या एखाद्या रिपॉझिटरीत सापडते.

याचे टोकाचे उदाहरण स्वतः पाहण्यासारखे आहे, कारण पाहण्याने काही बिघडत नाही. बसवलेल्या पॅकेजेसमध्ये पायथन३ शोधावे. आपल्या कार्यालयात कोणी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहीत नाही, मग हे कशाला ठेवायचे, असा विचार कोणाच्याही मनात येऊ शकतो. त्यावर काढण्याची खूण करून पाहिल्यास सोबत जाणाऱ्या पॅकेजेसची जी लांबलचक यादी उघडते तिच्यात डेस्कटॉपचे भाग, अपडेटची साधने आणि सेटिंग्जच्या खिडक्या दिसतात, कारण मिंट आणि उबुंटू यांची स्वतःची बरीचशी साधने पायथनमध्ये लिहिलेली आहेत. ही यादी ‘कॅन्सल’ करावी. चुकून खूण झालीच, तर एडिट मेनूत ‘अनडू’ आहे आणि सगळ्या खुणा एकदम पुसणारे ‘अनमार्क ऑल’ही आहे.

काढण्याच्या यादीत कधीकधी ‘मेटा’ किंवा ‘डेस्कटॉप’ असे शब्द असलेले नाव दिसते, उदाहरणार्थ उबुंटू-डेस्कटॉप. अशा पॅकेजमध्ये स्वतःचा प्रोग्रॅम जवळजवळ नसतोच. डेस्कटॉप पूर्ण होण्यासाठी लागणाऱ्या इतर पॅकेजेसना एकत्र बांधण्यापुरते ते असते. त्यातले एखादे पॅकेज काढले की ही गाठ सुटते. त्या दिवशी पडद्यावर काहीच बिघडलेले दिसत नाही, पण पुढच्या आवृत्तीत डेस्कटॉपचा एखादा नवा भाग आला तर तो आपोआप येत नाही. नको असलेला एखादा खेळ काढण्यासाठी एवढी किंमत मोजावी का, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी तो खेळ मेनूतून लपवतो आणि सोडून देतो.

काम चालू असताना प्रगतीच्या पट्टीखालचा ‘डिटेल्स’ किंवा ‘टर्मिनल’ असा छोटा बाण उघडून ठेवणे चांगले. काही पॅकेजेस मध्येच प्रश्न विचारतात. एरियल, टाइम्स न्यू रोमन वगैरे फाँट आणणारे एमएसकोअरफाँट्स हे पॅकेज त्यांपैकी नेहमीचे: त्याचा परवाना मान्य करण्याचा प्रश्न त्या लपलेल्या टर्मिनलमध्ये येऊ शकतो, पट्टी एका जागी अडकलेली दिसते आणि माणूस यंत्र बंद करून मोकळा होतो. बाण उघडला तर परवान्याचा मजकूर दिसतो. टॅब दाबून ‘ओके’वर जावे, एंटर दाबावे, आणि काम पुढे सरकते. अपग्रेडच्या वेळी ‘तुमची बदललेली सेटिंग फाइल ठेवायची की नवी घ्यायची’ असाही प्रश्न येतो. ती फाइल आपण किंवा यंत्रणा बसवून देणाऱ्याने मुद्दाम बदलली असेल तर जुनीच ठेवण्याचा पर्याय निवडावा.

काढणे आणि पूर्णपणे काढणे

पॅकेज काढण्याचे दोन पर्याय असतात. ‘मार्क फॉर रिमूव्हल’ने प्रोग्रॅम जातो, पण त्याच्या यंत्रणा-पातळीवरच्या सेटिंग फाइल राहतात. ‘मार्क फॉर कम्प्लीट रिमूव्हल’ने त्याही जातात. दोन्ही पर्यायांत वापरकर्त्याच्या होम फोल्डरला हात लागत नाही, त्यामुळे त्या प्रोग्रॅममध्ये तयार केलेली कागदपत्रे जागेवरच राहतात. प्रोग्रॅम पुन्हा बसवण्याचा विचार असेल तर पहिला पर्याय, नसेल तर दुसरा. ‘स्टेटस’मध्ये ‘नॉट इन्स्टॉल्ड (रेसिड्युअल कॉन्फिग)’ असा गट दिसला तर तो पहिल्या पर्यायाचा साचलेला गाळ असतो आणि तो सावकाशीने साफ केला तरी चालतो.

याच ‘स्टेटस’मधला ‘ऑटो रिमूव्हेबल’ हा गट अधिक लक्ष देण्यासारखा आहे. कोणाच्या तरी सोबतीने आलेली, पण आता ज्यांची गरज असलेले कोणतेच पॅकेज उरलेले नाही, अशी पॅकेजेस त्यात जमतात. जुने कर्नलही (कर्नल म्हणजे यंत्रणेचा गाभा) तेथेच सापडतात आणि लहान डिस्कच्या यंत्रात त्यांनी बरीच जागा अडवलेली असते. चालू कर्नल आणि त्याच्या आधीचा एक, एवढे ठेवून बाकीचे काढावेत. आधीचा एक ठेवण्याचे कारण असे, की नव्या कर्नलने यंत्र सुरू झाले नाही किंवा वायफाय गेले, तर सुरुवातीच्या मेनूतून जुन्यावर परत जाता येते.

अपग्रेड, आणि एखादे पॅकेज थांबवून ठेवणे

‘मार्क ऑल अपग्रेड्स’ दाबल्यावर ज्यांची नवी आवृत्ती आली आहे त्या सगळ्यांवर खूण होते. मिंटमध्ये रोजच्या अपडेटसाठी अपडेट मॅनेजर आहे आणि ते काम त्याच्यावरच सोपवावे, कारण ते टाइमशिफ्ट या साधनाच्या स्नॅपशॉटची, म्हणजे बिघाड झाल्यास परत जाता यावे म्हणून घेतलेल्या यंत्रणेच्या प्रतीची, आठवण करून देते. सिनॅप्टिक आणि अपडेट मॅनेजर एकाच वेळी उघडे असले तर दोघांपैकी एकाला कुलूप मिळत नाही आणि ‘एक्सक्लुझिव्ह लॉक’ मिळाला नसल्याचा संदेश येतो. पार्श्वभूमीवर सुरक्षा अपडेट आपोआप बसत असतानाही हेच घडते. दहा मिनिटे थांबणे हा त्यावरचा उपाय आहे. कुलपाची फाइल पुसून टाकण्याचा सल्ला अनेकजण देतात, पण दुसरे काम खरोखर चालू असताना ती पुसली तर पॅकेजेसची नोंदवहीच बिघडू शकते.

क्वचित एखादे पॅकेज जुन्याच आवृत्तीवर थांबवावेसे वाटते. सोसायट्यांच्या कार्यालयांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत अजून टिकून असलेला एचपी लेझरजेट १०२० हा प्रिंटर घ्या. त्याला एचपीलिप या एचपीचे प्रिंटर चालवणाऱ्या पॅकेजसोबत प्लगइन नावाची एक वेगळी जोडफाइल लागते आणि प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी जुळावी लागते. अपग्रेडमध्ये एचपीलिप पुढे गेले की प्लगइन मागे राहतो आणि छपाई थांबते. अशा वेळी दोन मार्ग आहेत. एक, एचपीलिपच्या साधनातून नव्या आवृत्तीचा प्लगइन पुन्हा उतरवून घ्यावा. यंत्राला इंटरनेट असेल तर हाच मार्ग बरा. दुसरा, पॅकेज मेनूतून ‘लॉक व्हर्जन’ करून एचपीलिप थांबवावे. मात्र सिनॅप्टिकचे हे कुलूप सिनॅप्टिकपुरतेच असते, कारण ते आपली नोंद स्वतःच्या फाइलमध्ये ठेवते. टर्मिनलमधले ॲप्ट किंवा मिंटचे अपडेट मॅनेजर ती नोंद पाहत नाहीत आणि पॅकेज खुशाल पुढे नेतात. म्हणून अपडेट मॅनेजरमध्येही त्या पॅकेजवर उजवे क्लिक करून त्याची अपडेट वगळण्याची सूचना द्यावी लागते. थांबवलेल्या पॅकेजला सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत, त्यामुळे ब्राउझरसारख्या पॅकेजवर असे कुलूप कधीच लावू नये.

कोणत्या रिपॉझिटरीवर विश्वास ठेवावा

सेटिंग्ज मेनूतल्या ‘रिपॉझिटरीज’मध्ये सॉफ्टवेअर कुठून यावे हे ठरते. उबुंटूचे मेन, रिस्ट्रिक्टेड, युनिव्हर्स आणि मल्टिव्हर्स असे चार भाग आहेत. डेबियनमध्ये १२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, हार्डवेअरच्या फर्मवेअरसाठी, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरसाठी, वेगळा भाग केलेला आहे. आपल्या कामाचे जवळजवळ सगळे यांतच मिळते. बाहेरची रिपॉझिटरी किंवा पीपीए (एखाद्या व्यक्तीने वा गटाने स्वतः चालवलेली रिपॉझिटरी) जोडताना हे ध्यानात घ्यावे, की पॅकेजमधल्या स्क्रिप्ट प्रशासकाच्या पूर्ण अधिकाराने चालतात. रिपॉझिटरी जोडणे म्हणजे तिच्या चालकाच्या हाती आपल्या यंत्राची किल्ली देणे, आणि ती किल्ली पुढच्या प्रत्येक अपडेटला त्याच्याकडेच राहते. एका फाँटसाठी किंवा एका व्हिडिओ प्लेयरच्या नव्या रंगरूपासाठी एवढे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सेकंडहँड यंत्र कोणीतरी आधीच लिनक्स टाकून दिले असेल तर पहिल्याच दिवशी ‘ओरिजिन’ दाबून पाहावे. अनोळखी नावाचा सर्व्हर दिसला तर त्याच्यावरून काय काय आले आहे ते लगेच कळते. ‘स्टेटस’मधला ‘लोकल ऑर ऑब्सोलीट’ हा गटही तेव्हाच तपासावा. कोणत्याही चालू रिपॉझिटरीत नसलेली, म्हणजे हाताने आणून बसवलेली किंवा मागे पडलेली पॅकेजेस त्यात दिसतात, आणि त्यांना यापुढे कोणाकडूनही अपडेट येणार नसतात.

एका यंत्रावरून दुसऱ्यावर

अभ्यासिकेत आठ-दहा यंत्रे सारखीच असतील तर प्रत्येकावर तेच शोध आणि त्याच खुणा करण्याची गरज नाही. पहिल्या यंत्रावर सगळे मनासारखे झाले, की फाइल मेनूतून ‘सेव्ह मार्किंग्ज ॲज’ निवडावे. त्याच चौकटीत केवळ बदल न ठेवता पूर्ण स्थिती साठवण्याचा पर्याय असतो, त्यावर खूण करावी. साठवलेली फाइल साधा मजकूर असते: प्रत्येक ओळीत पॅकेजचे नाव आणि त्यापुढे काय करायचे ते. दुसऱ्या यंत्रावर ती ‘रीड मार्किंग्ज’ने उघडली की सगळ्या खुणा एकदम होतात आणि नेहमीप्रमाणे अप्लायपूर्वी वाचता येतात. त्या फाइलमधून नको त्या ओळी टेक्स्ट एडिटरमध्ये आधी वगळल्या तरी चालते.

डाउनलोड मात्र प्रत्येक यंत्रावर पुन्हा होईल, आणि इंटरनेट कोणाच्या तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घेतले असेल तर दिवसाचा डेटा दुपारीच संपेल. त्यावर उपाय आहे. पहिल्या यंत्रावर ‘प्रेफरन्सेस’मधल्या ‘फाइल्स’ या पानावर उतरवलेली पॅकेजेस जपून ठेवण्याचा पर्याय निवडलेला आहे ना ते पाहावे. ती पॅकेजेस व्हार फोल्डरमधल्या कॅश, त्यातल्या ॲप्ट आणि त्यातल्या आर्काइव्ह्ज या फोल्डरात साठतात. तेथल्या डेब फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या यंत्राच्या सिनॅप्टिकमध्ये फाइल मेनूतले ‘ॲड डाउनलोडेड पॅकेजेस’ वापरावे. दोन्ही यंत्रांवर यंत्रणेची आवृत्ती एकच असणे आणि दोन्हींच्या याद्या रीलोड केलेल्या असणे या अटी त्यासाठी पाळाव्या लागतात. सगळी यंत्रे झाली, की त्याच ‘फाइल्स’ पानावरच्या ‘डिलीट कॅश्ड पॅकेज फाइल्स’ या बटणाने जागा मोकळी करावी. वर्षभर न पुसलेला हा फोल्डर कित्येक जीबींचा होतो.

काम मध्येच तुटले तर

यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपची वायर अपग्रेडच्या मध्यावर कोणाच्या पायात अडकून निघाली, तर काही पॅकेजेस उघडलेली पण पूर्ण न बसलेली अशी राहतात. पुन्हा सुरू केल्यावर सिनॅप्टिक बहुधा स्वतःच तसे सांगते आणि डीपीकेजीची एक आज्ञा टर्मिनलमध्ये चालवायला सुचवते. ती जशीच्या तशी टाइप करावी. अर्धवट राहिलेली पॅकेजेस त्याने पूर्ण होतात. त्यानंतरही ‘स्टेटस’मध्ये ‘ब्रोकन’ हा गट दिसत असेल तर एडिट मेनूतले ‘फिक्स ब्रोकन पॅकेजेस’ निवडावे. हेदेखील फक्त खुणाच करते. दुरुस्तीसाठी ते काय काढू पाहते आहे हे वाचल्याशिवाय अप्लाय दाबू नये, कारण गुंता सोडवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणून ते कधीकधी आपल्याला हवे असलेलेच पॅकेज काढायला निघते.

एखादा प्रोग्रॅम यंत्रात चालताना दिसतो आणि सिनॅप्टिकच्या यादीत मात्र सापडत नाही, असेही होईल. तो फ्लॅटपॅक किंवा स्नॅप या, डेबहून वेगळ्या, पॅकेजच्या स्वरूपात बसवलेला असतो आणि ती दोन्ही ॲप्टच्या कक्षेबाहेर आहेत. उबुंटूमध्ये फायरफॉक्स हे २२.०४ पासून मुळात स्नॅप आहे. सिनॅप्टिकमध्ये दिसणारे त्याचे पॅकेज म्हणजे स्नॅपकडे नेणारी पाटी. लिनक्स मिंटमध्ये फायरफॉक्स अजून साधे डेब पॅकेज म्हणून मिळते आणि २० व्या आवृत्तीपासून स्नॅप मुळातच बंद ठेवलेले आहे. फ्लॅटपॅकने आलेले सॉफ्टवेअर मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून काढता येते.

आणि काही दिवसांनी कोणी ‘परवापासून स्कॅनर चालत नाही’ अशी तक्रार घेऊन आले, तर फाइल मेनूतले ‘हिस्टरी’ उघडावे. सिनॅप्टिकमधून कोणत्या तारखेला काय बसले, काय निघाले आणि कोणती आवृत्ती कोणत्या आवृत्तीवर गेली हे तेथे दिवसवार लिहिलेले असते. अपडेट मॅनेजरने केलेले बदल तेथे नसतील, तर व्हार फोल्डरमधल्या लॉग या फोल्डरात ॲप्टची स्वतःची हिस्टरी नावाची नोंद असते, तीत ते सापडतील. जाणकाराला मदत मागताना पॅकेजचे नाव, दोन्ही आवृत्त्या आणि तारीख एवढे नोंदीतून जसेच्या तसे उतरवून पाठवावे.